चॅप्लिनचा ‘द सर्कस’ मागे का पडला, आणि तो आम्ही पेठेत दाखवावा का?

पंचगंगातीर:

नमस्कार मंडळी. आम्ही शिवाजी पेठेतील दहा-बारा जण महिन्यातून एका शनिवारी एका तालमीच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात पांढरा पडदा लावून जुने चित्रपट दाखवतो. पुढे सतरंजीवर मुले आणि मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा मिळून पन्नास-साठ माणसे जमतात. चॅप्लिनचे ‘द किड’, ‘द गोल्ड रश’ आणि ‘मॉडर्न टाइम्स’ दाखवून झाले आहेत, त्यामुळे पुढच्या वेळी सगळ्यांची अपेक्षा ‘सिटी लाइट्स’ची आहे. मला मात्र १९२८ चा ‘द सर्कस’ दाखवावासा वाटतो.

हा चित्रपट मी गेल्या आठवड्यात घरी एकट्याने पाहिला. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत, एकटाच असूनही, इतक्या मोठ्याने हसलो की आतल्या खोलीतून आईने काय झाले म्हणून विचारले. विशेषतः जत्रेतील तो प्रसंग, ज्यात पोलिसाला चुकवण्यासाठी चॅप्लिन एका खेळघराच्या दर्शनी भागावर कळसूत्री बाहुला बनून उभा राहतो आणि ठरावीक गतीने वळत, शेजारी तसाच बाहुला बनलेल्या पाकीटमाराच्या डोक्यात सोटा घालतो, मग यंत्रासारखा अंग घुसळून हसतो आणि पुन्हा सोटा घालतो. पोलीस समोर असल्यामुळे बिचाऱ्या चोराला हू की चू करता येत नाही. एवढा चांगला प्रसंग मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलाही नव्हता, याचेच मला आश्चर्य वाटले.

आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, चित्रपट खरोखर चांगला असता तर त्याचे नाव इतकी वर्षे आपल्या कानावर आल्यावाचून राहिले नसते, आणि ज्याच्याविषयी चॅप्लिनने आपल्या आत्मचरित्रातही जवळजवळ मौन पाळले तो आपण कशासाठी उकरून काढायचा? मला त्यांना उत्तर देता आले नाही. तेव्हा जाणकारांनी सांगावे, की हा चित्रपट मागे पडण्यामागे त्याचा स्वतःचा दोष किती आणि परिस्थितीचा किती, आणि सात-आठ वर्षांची मुले तो शेवटपर्यंत पाहतील का? मूकपट असल्यामुळे मध्ये मध्ये पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या इंग्रजीत आहेत, त्या वाचून दाखवाव्या लागतील, त्याचीही काही युक्ती असल्यास कळवावी.

जुना ऑपरेटर:

पंचगंगातीर यांस नमस्कार. मी कोल्हापुरातील एका टॉकीजमध्ये सव्वीस वर्षे प्रोजेक्टर चालवला. त्या सव्वीस वर्षांत ‘द सर्कस’चे एकही रीळ माझ्या हाताखालून गेले नाही, यावरूनच तो किती दुर्मीळ होता याची कल्पना यावी. तुमच्या ज्येष्ठ सभासदांचा तर्क सरळ असला तरी या चित्रपटाला लागू पडत नाही, कारण तो प्रेक्षकांनी नाकारल्यामुळे मागे पडलेला नाही. जानेवारी १९२८ मध्ये तो न्यूयॉर्कला प्रदर्शित झाला तेव्हा तो चांगला चालला होता आणि ऑस्करच्या अगदी पहिल्या समारंभात, म्हणजे १६ मे १९२९ रोजी, याच चित्रपटाच्या अभिनय, लेखन, दिग्दर्शन आणि निर्मितीसाठी चॅप्लिनला विशेष पुरस्कार देण्यात आला होता.

मात्र त्याच समारंभात दुसरा विशेष पुरस्कार वॉर्नर ब्रदर्सना ‘द जॅझ सिंगर’साठी मिळाला, आणि खरी गोम तिथे आहे. तो बोलका चित्रपट ऑक्टोबर १९२७ मध्ये आला, म्हणजे ‘द सर्कस’च्या जेमतेम तीन महिने आधी. लोकांच्या कानाला एकदा पडद्यावरच्या आवाजाची चटक लागल्यावर न बोलणाऱ्या चित्रपटाची आठवण किती दिवस टिकणार? त्यातून अलीकडे १९२५ चा ‘द गोल्ड रश’ आणि पलीकडे १९३१ चा ‘सिटी लाइट्स’, अशा दोन डोंगरांमध्ये हा सापडला आहे. (‘द गोल्ड रश’ आला त्याच साली आपल्या गावात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला होता. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती कथा आज आपल्याला पाहायला मिळत नाही, ही हळहळ जाता जाता नोंदवून ठेवतो.)

तरीही या चित्रपटाला सर्वांत जास्त दडपून ठेवले ते खुद्द चॅप्लिनने, आणि त्याची कारणे चित्रपटात नसून तो तयार होत असतानाच्या दोन वर्षांत आहेत. चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच वादळाने सर्कशीचा तंबू फाटला. जानेवारी १९२६ पासून दोरीवरच्या कसरतीची दृश्ये अंगमेहनतीने चित्रित केली, तर प्रयोगशाळेच्या हलगर्जीपणामुळे त्या फिल्मवर ओरखडे पडले आणि ते सगळे काम पहिल्यापासून करावे लागले. सप्टेंबर १९२६ मध्ये स्टुडिओला आग लागून सेट जळाला. ते सावरते न सावरते तोच पत्नी लीटा ग्रे हिने घटस्फोटाचा दावा लावला, त्यातील आरोप वर्तमानपत्रांतून रोज छापून येऊ लागले, त्यापाठोपाठ प्राप्तिकर खात्याने थकबाकी काढली आणि चित्रीकरण आठ महिने बंद पडले. पुन्हा काम सुरू होऊन शेवटचे दृश्य घ्यायची वेळ आली, तर सर्कशीच्या गाड्याच जागेवर नाहीत; कॉलेजच्या पोरांनी त्या होळीसाठी पळवल्या होत्या! आपल्याकडे होळीला लाकडे चोरण्याचा रिवाज आहे, पण अख्ख्या गाड्या चोरल्याचे मी तरी कधी ऐकलेले नाही.

ज्या कामाशी इतका मनस्ताप जोडला गेला त्याकडे माणूस पुन्हा वळून पाहत नाही. १९६४ साली आलेल्या आत्मचरित्रातील मौनाचा अर्थ मी तरी एवढाच लावतो. पुढे ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने या चित्रपटासाठी स्वतः संगीत रचले, सुरुवातीचे गाणे स्वतःच्या थकलेल्या आवाजात म्हटले आणि १९६९ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित केला. तीच आवृत्ती मिळवा. मूकपटांचा कॅमेरा हाताने फिरवत असत आणि त्याची गती बोलपटाच्या सेकंदाला २४ चौकटींपेक्षा बहुधा कमी असे. अशी फिल्म २४ च्या गतीने लावली की माणसे मुंग्यांसारखी धावू लागतात, आणि लोक त्यालाच विनोद समजतात. १९६९ च्या आवृत्तीला ध्वनिपट्टी जोडलेली असल्यामुळे तिची गती निश्चित आहे. त्यामुळे कोणी हौशी मंडळींनी इंटरनेटवर चढवलेली, गती बिघडलेली प्रत घेऊ नका.

बाराखडी:

ऑपरेटरकाकांनी माहिती उत्तम दिली आहे, परंतु निर्मितीत आलेल्या संकटांमुळे चित्रपट मोठा ठरत नाही, हे त्यांनाही मान्य असावे. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि निवृत्तीच्या आधी दोन वेळा हा चित्रपट तिसरी-चौथीच्या मुलांना दाखवला आहे, म्हणून मुलांविषयी मी थोडे अधिकाराने लिहू शकते.

पहिली चाळीस-पंचेचाळीस मिनिटे मुले जागची हलत नाहीत. बापाच्या खांद्यावर बसलेल्या तान्ह्या मुलाच्या हातात खाऊ आहे, मागे उभा असलेला उपाशी चॅप्लिन त्या बाळाला नाना तऱ्हेची तोंडे करून हसवतो आणि हळूच त्याच खाऊचा घास तोडतो, इथेच मुले त्याच्या बाजूची होतात. (तोडलेला घास पुरेसा चविष्ट नाही म्हणून तो त्यावर मोहरीची चटणीही लावून घेतो.) नंतर आरशांच्या खोलीत स्वतःची खाली पडलेली टोपी उचलताना खरी टोपी कोणती आणि प्रतिबिंब कोणते हे त्याला कळेनासे होते, तेव्हा माझ्या वर्गातील मुले ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणून ओरडत होती, आणि त्यांनी सांगितलेली डावी बाजूही चुकीचीच होती. सगळीकडे आरसे असताना कॅमेरा कुठेच दिसत नाही, हे एका चौथीतल्या मुलीने माझ्या लक्षात आणून दिले. माझे स्वतःचे तिकडे लक्ष गेले नव्हते.

मात्र उत्तरार्ध सैल आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दोरीवर चालणारा देखणा रेक्स आल्यावर सर्कशीच्या मालकाच्या सावत्र मुलीचे त्याच्यावर प्रेम बसते, चॅप्लिन ते आडून ऐकतो आणि तिथून पुढे बराच वेळ तो नुसता खिन्न असतो. ही खिन्नता कथेला आवश्यक आहे हे मला समजते, पण तिसरीच्या मुलांना ते कोणी समजावून सांगायचे? ‘सिटी लाइट्स’मध्ये विनोद आणि दुःख एकाच प्रसंगात मिसळलेले असतात, इथे ते एकामागून एक येतात. दुसरे असे, की मालक याच मुलीला उडी चुकली म्हणून मारतो आणि उपाशी ठेवतो. त्या प्रसंगात माझ्या वर्गातील दोन मुले रडली होती. तेव्हा लहान मुलांच्या पालकांना आधी कल्पना द्यावी.

पाट्यांविषयी सांगायचे तर त्या फार नाहीत. एका मोठ्या मुलाला पडद्याच्या बाजूला बसवून मराठीत वाचायला सांगा, परंतु पाटी दिसल्याक्षणी वाचायची, अभिनय करायचा नाही, एवढी ताकीद त्याला द्या. आमच्याकडे एका हौशी शिक्षकांनी मालकाचा आवाज काढून पाट्या वाचल्या आणि मुले चित्रपट सोडून त्यांच्याकडेच पाहू लागली.

लाल माती:

उत्तरार्ध सैल असल्याचे बाराखडीताईंचे मत मला पटत नाही, आणि त्याचे कारण पूर्णतः माझ्या कामातले आहे. मी तालमीत मुलांना दोरीचा मल्लखांब शिकवतो. चॅप्लिन रेक्सच्या जागी दोरीवर उभा राहतो तो प्रसंग मी कितीतरी वेळा थांबवून, मागे नेऊन पाहिला आहे. या चित्रपटासाठी तो आणि रेक्सचे काम करणारा हॅरी क्रॉकर दोघेही दोरीवर चालायला खरोखर शिकले होते, आणि ते पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

प्रसंग असा आहे की पडू नये म्हणून त्याच्या कमरेच्या पट्ट्याला वरून एक तार अडकवलेली असते. ती तार आपल्याला धरून आहे या भरवशावर तो दोरीवर नाचतो, एका पायावर उभा राहतो, प्रेक्षकांना दिमाख दाखवतो. मग तार निसटते, ते त्याला ठाऊक नसते, आणि निसटली आहे हे कळल्याक्षणी, एका निमिषापूर्वी ज्याच्यावर तो नाचत होता त्याच दोरीवर त्याला पाऊल टाकता येईनासे होते. पाहा, त्याच्या अंगात काहीच बदललेले नाही, दोरी तीच आहे आणि तोलही तोच आहे. माझ्याकडे येणारे प्रत्येक नवे पोर याच अवस्थेतून जाते. खाली मी हात धरून उभा असेपर्यंत ते सुरेख आसन लावते, आणि मी दोन पावले मागे सरलो असे त्याला कोणी सांगितले की पाय थरथरू लागतात. त्यानंतर माकडे सुटतात, एक नाक चावते, एकाची शेपटी तोंडात जाते, विजार उतरू लागते, हे सगळे हसवण्यासाठी आहे, पण तोल जातो आहे असे इतक्या विविध प्रकारे दाखवायचे तर तोलावर किती हुकमत हवी, याचा अंदाज दोरीवर चढलेल्यालाच येईल. डोंबाऱ्याच्या खेळात पोरगी दोरीवर मध्येच पाय घसरल्यासारखे करते आणि गर्दीचा श्वास अडकतो, ते घसरणे तिला सर्वांत शेवटी शिकवलेले असते.

याच प्रसंगावरून चित्रपटाचा गाभा माझ्या लक्षात आला. सर्कशीत त्याला विदूषक म्हणून घ्यायचे का, हे पाहण्यासाठी मालक त्याची परीक्षा घेतो तेव्हा त्याला मुद्दाम हसवणे जमत नाही. सफरचंदावर नेम धरण्याच्या ठरीव खेळात तो डोक्यावरचे सफरचंदच खातो, त्यात अळी सापडल्यावर त्याऐवजी केळे ठेवतो, आणि ते पाहून मालकाचा संताप होतो. तोच माणूस सामान वाहणारा हमाल म्हणून रिंगणात धडपडला, जादूगाराच्या टेबलाची कळ चुकून दाबून आतली सगळी पाखरे बाहेर काढली की तंबू हसून कोसळायची वेळ येते. आपण लोकांना हसवतो आहोत हे त्याला ठाऊकच नसते, आणि ज्या दिवसापासून ते ठाऊक होते, मन उदास होते, त्या दिवसापासून त्याचा विनोद आटतो. तार आहे असे वाटत असतानाची दोरी आणि विनोद करतो आहे हे ठाऊक नसतानाचे रिंगण, या दोन्ही गोष्टी एकच आहेत. म्हणून उत्तरार्ध काढून टाकला तर पूर्वार्ध नुसता गमतीचा राहील.

बाराखडी:

लाल माती यांचा तारेचा मुद्दा मी आजपर्यंत पाहिला नव्हता आणि तो मला मान्य आहे. तरीही त्या दोन प्रसंगांमधील वीस मिनिटे मुले चुळबुळ करतात, हा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही.

एका गोष्टीची भर घालते. तमाशातील सोंगाड्याला कोणत्या शब्दावर हशा येणार हे नेमके ठाऊक असते आणि तो त्या शब्दाआधी क्षणभर थांबतो; प्रेक्षकांनाही तो थांबला आहे हे कळते आणि त्यातच मजा असते. चॅप्लिन या चित्रपटात नेमके उलट करतो. तो स्वतः तर अर्थातच सोंगाड्याच आहे, सिंहाच्या पिंजऱ्यातील प्रसंगासाठी त्याने जवळजवळ २०० वेळा चित्रीकरण केले असे सांगतात, पण पडद्यावरच्या त्या फाटक्या माणसाला मात्र त्यातले काही कळता कामा नये. पगार वाढवून मागतानाचा प्रसंग त्या दृष्टीने पाहा. मालक साठ डॉलर देतो म्हणतो, हा नकार देतो; मालक दुप्पट देतो म्हणतो, त्यावर हा ताठ मानेने सांगतो की शंभराच्या खाली एक पैसा घेणार नाही. मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यात असा गडी मिळाला तर अडत्यांची दिवाळी व्हायची.

जुना ऑपरेटर:

सिंहाच्या पिंजऱ्याविषयी एवढेच सांगतो की त्यांतील बऱ्याच दृश्यांत चॅप्लिनची भीती निव्वळ अभिनयाची नसावी, कारण सिंह खरा होता आणि तोही त्याच पिंजऱ्यात होता.

आपल्या भागातील मंडळींना हा चित्रपट अधिक जवळचा वाटावा असे आणखी एक कारण आहे. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे हे शेजारच्या सांगलीकडचे, आणि म्हैसाळच्या देवलांची सर्कसही तिकडचीच. तुमच्या मागच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या आजी-आजोबांनी लहानपणी तंबू उठून गेल्यानंतरचे मैदान नक्की पाहिलेले असेल, कोंडा, शेण आणि मातीत उमटलेले ते गोल रिंगण. शेवटच्या दृश्यात नेमके तेच आहे. गाड्या निघून गेल्या आहेत, रिंगणाच्या खुणेच्या मधोमध तो एका खोक्यावर बसला आहे आणि ती मुलगी ज्या कागदी कड्यातून उडी मारत असे त्याचा फाटका तारा त्याला सापडतो. तो त्याचा चुरगळा करतो, उठतो आणि चालता चालता टाचेने मागे उडवून देतो. मुले चुळबुळ करत असली तरी तेवढ्या वेळेपुरते दिवे लावू नका, एवढी माझी विनंती आहे.

पंचगंगातीर:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ‘द सर्कस’ दाखवला. चौसष्ट माणसे आली होती.

१९६९ चीच आवृत्ती लावली, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला घोटाळा झाला. मूकपट आहे असे मीच प्रस्तावनेत ठासून सांगितले होते, आणि पडदा उजळताच वृद्ध माणसाचे गाणे सुरू झाले. कोणी म्हणाले शेजारच्या कार्यालयातला ध्वनिक्षेपक लागला आहे, दोघे तर खिडक्या लावायला उठले. पुढच्या वेळी ऑपरेटरकाकांनी सांगितलेली गाण्याची हकीकत आधी सांगेन.

पाट्या वाचायला नववीतील एका मुलीला बसवले होते आणि तिने अभिनय न करण्याची ताकीद इतकी मनावर घेतली की मालकाच्या शिव्याही तिने प्रतिज्ञा म्हणावी तशा वाचल्या. त्यालाही भरपूर हशा आला. बाराखडीताईंनी सांगितले तसे उत्तरार्धात सतरंजीवर चुळबुळ झाली, तीन मुले पाणी प्यायला म्हणून गेली आणि माकडांचा आवाज नसतानाही माकडे आल्याचे त्यांना खाली कसे कळले कोण जाणे, पण धावत परत आली. तार निसटली तेव्हा तालमीतील मुले, जी नेहमी मागे भिंतीला टेकून गप्पा मारतात, ती सगळी एकदम गप्प झाली होती. लाल माती यांना हे मुद्दाम कळवतो.

शेवटी दिवे लावले नाहीत. आमचे ज्येष्ठ सभासद पडदा पांढरा झाल्यावरही थोडा वेळ बसून होते. नंतर सतरंज्या गोळा करताना त्यांनी मला विचारले, की शेवटी चॅप्लिन रेक्स आणि त्या मुलीबरोबर गाडीत का बसला नाही, जागा तर होती. मी म्हणालो, बहुधा बसायचे नव्हते. ते म्हणाले, ‘मग तसे पाटीवर लिहायला काय हरकत होती?’ आणि ‘सिटी लाइट्स’ पुढच्या महिन्यात नक्की लावा असे बजावून जिना उतरले.